आकागीचं तळं कोणी निवडलं

आमचा टोकियोजवळच्या ग्योतोकूचा जुना कंपू वर्षातून एकदा पुण्यात जमतो. जेवणं झाली की आमच्यातला नागपूरकर हमखास म्हणतो, "सरांनी निवडलेलं तळं! काय निवड होती राव!" मग सगळे त्या दिवसाच्या गोष्टी सांगू लागतात. मी हसून मान डोलावतो. शेजारी माझी बायको बडीशेप चघळत ऐकत असते.

ते तळं मी निवडलं नव्हतं. उलट, तिथं जाणं होऊ नये म्हणून मला जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं होतं.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. पुण्या-मुंबईहून सॉफ्टवेअरची माणसं भराभर टोकियोत येत होती. ग्योतोकू स्टेशनच्या आसपास आम्ही काही मराठी कुटुंबं राहत होतो. मी टीमचा प्रमुख आणि वयानं सगळ्यांत मोठा, म्हणून सगळ्यांचा 'सर'. ऑफिसात मी इंग्रजीवर आणि दुभाष्यावर निभावून नेत असे. बायको मात्र जेवणाचे डबे भरणाऱ्या एका कारखान्यात बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करायची. तिथल्या बायकांबरोबर गप्पा मारून मारून तिचं जपानी माझ्या कितीतरी पुढं गेलं होतं.

मार्चमध्ये ती आणि मुलगी पुण्याला परत जाणार होत्या, मुलीच्या शाळेसाठी. जपानमधला तिचा तो शेवटचा हिवाळा होता. जानेवारीत एक दिवस ती कामावरून आली ती कोट न काढताच माझ्यासमोर बसली.

"अहो, मासे गरवायला जायचंय. बर्फावर!"

कारखान्यातल्या मैत्रिणीनं तिला फोटो दिला होता. गोठलेलं तळं, बर्फाला पाडलेलं वाटीएवढं भोक, शेजारी स्टुलावर बसलेली एक आजी आणि तिच्या हातात वीतभर काठी. वाकासागी नावाचे मासे असतात, आपल्या मांदेलीएवढे, काट्यांसकट खायचे. माझी बायको देवगडकडची. लहानपणी ती वडिलांबरोबर, म्हणजे दादांबरोबर, खाडीवर गरी टाकून बसायची. तिकडे त्याला गरवणं म्हणतात. लग्न होऊन पुण्यात आली आणि ते सुटलं.

"पाण्यावर उभं राहून गरवायचं! दादांना सांगितलं तर खरंसुद्धा वाटणार नाही त्यांना," ती म्हणाली. "जाण्याआधी एवढं एक करायचंच."

मी म्हटलं, "बघू. सगळ्यांनाच विचारू."

विचारलं मात्र, आणि सगळ्या घरांत तेच सुरू झालं. बायका उबदार मोजे शोधायला लागल्या. मासे रव्यात घोळवायचे की भज्यांसारखा टेम्पुरा करायचा यावरून भांडणं झाली. सेंदाईला संशोधन करणाऱ्या एका मित्रानं आपल्या भागातलं तळं सुचवलं, ते लांब पडेल म्हणून बाद झालं. शेवटी दोन तळी उरली. एक आकागी डोंगरावरचं, पूर्ण गोठणारं. तिथं बर्फावर तंबू ठोकून बसायचं. दुसरं फुजीच्या पायथ्याचं यामानाका. तिथं बर्फावर जायचं नाही. हीटर लावलेल्या बंद बोटीत बसायचं आणि बोटीच्या तळाला असलेल्या भोकातून गळ सोडायचा.

मला यामानाका हवं होतं. कारण एकच. मला पाण्याची भीती वाटते, लहानपणापासून. पोहता येत नाही. बोटीला निदान तळ असतो. पायाखाली वीतभर बर्फ आणि त्याच्याखाली काळं पाणी, या विचारानंच माझ्या तळव्यांना घाम सुटायचा. पण हाताखालच्या पोरांसमोर हे सांगणार कोण?

जपानी ऑफिसात बैठकीत काही ठरत नाही. आधी एकेकाला गाठून हळूच होकार घेऊन ठेवायचा, मग बैठक फक्त नावाला. त्याला नेमावाशी म्हणतात. मला ही पद्धत फार आवडायची आणि मी त्यात तरबेज होतो. आठवडाभर मी प्लॅटफॉर्मवर, कॉफीच्या मशीनपाशी एकेकाला गाठलं. लहान मुलं आहेत, बोटीत ऊब असते, संडासाची सोय असते. सगळे "हो सर" म्हणाले. घरी बायको रोज विचारायची, "काय म्हणतात सगळे?" आणि मी रोज सांगायचो, "बघू, अजून ठरत नाहीये."

शनिवारी दुपारी आमच्या घरी बैठक भरली. चहा, कांदेपोहे, जमिनीवर पसरलेली माहितीपत्रकं. मी यामानाकाचं नाव घेतलं आणि पुरुषांनी माना डोलावल्या. पण नागपूरकराची नवी नवरी म्हणाली, "बोटीत तर मी अंबाझरी तलावातसुद्धा बसलेय. बर्फ हवा मला!" आणि लगेच बाकीच्या बायकाही उसळल्या. माझ्या लक्षात आलं, मी एकाही बाईला विचारलं नव्हतं. आणि कारखान्यातून येता-जाता माझ्या बायकोनं एकही बाई सोडली नव्हती.

"तुम्ही काय ते हो म्हणून बसलात," नागपूरकराला त्याची बायको सर्वांसमोर म्हणाली, "बोटीत एकटेच जा आता."

माझी नेमावाशी पाच मिनिटांत पाण्यात गेली. तेव्हा मी खोटं बोललो.

"अगं, आकागी मलाही आवडलं असतं," मी म्हणालो. "पण बर्फाचं यंदा नक्की नाही म्हणे. मुलांना घेऊन धोका कशाला?"

आदल्याच दिवशी, बर्फ पातळ असेल तर निमित्त मिळेल म्हणून, मी ऑफिसातून आकागीच्या तळ्याकाठच्या विश्रामगृहाला फोन केला होता. तंबू आणि काठ्या तिथंच भाड्यानं मिळत. फोनवरच्या म्हातारबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, बर्फ चांगला घट्ट आहे, या. एवढं जपानी मला कळत होतं.

बायको माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं हातातली बशी खाली ठेवली. "एवढंच ना? विचारूनच घेऊ." असं म्हणून तिनं पत्रकावरचा नंबर फिरवला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरचं बटण दाबलं.

म्हातारबाईंचा खणखणीत आवाज खोलीभर घुमला. बर्फ उत्तम आहे, माणसं रोज येताहेत. आणि मग त्या म्हणाल्या, "काल एका इंडियन साहेबांचा फोन आला होता. त्यांनाही मी हेच सांगितलं. तुमच्यातलेच का?"

बाकीच्यांचं जपानी रामेन मागवण्यापुरतं. पण कोपऱ्यात चित्र काढत बसलेली आमची मुलगी जपानी शाळेत जायची. तिनं झटकन मान वर केली आणि माझ्याकडे बघून तोंड उघडलं.

"तू चहाचे कप गोळा कर," आई म्हणाली. मुलीनं तोंड मिटलं.

"काय म्हणाल्या त्या, वहिनी?" नागपूरकर म्हणाला. "इंदो-इंदो, म्हणजे आपल्याबद्दलच काहीतरी चाललं होतं."

बायकोनं फोन ठेवला, पदर सारखा केला.

"बर्फ उत्तम आहे म्हणतात. काल ह्यांनी फोन करून चौकशी केली होती ना, ते सांगत होत्या."

"पण सर तर म्हणाले, नक्की नाही," तो म्हणाला.

"ह्यांचा स्वभाव माहितीये ना तुम्हाला? दोनदा विचारल्याशिवाय नक्की म्हणायचेच नाहीत. म्हणून तर आज मला परत विचारायला लावलं."

"सर म्हणजे सर!" नागपूरकर ओरडला आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आकागी ठरलं. त्या टाळ्या थांबेपर्यंत मला खरं सांगता आलं असतं. मी पोह्यांची बशी उचलली.

सगळे गेल्यावर ती कधी विषय काढते याची मी वाट पाहत होतो. ती एवढंच म्हणाली, "लोकरीचे मोजे तुम्हाला दोन जोड लागतील."

पुढच्या रविवारी पहाटेची ट्रेन पकडून आम्ही माएबाशीला गेलो आणि तिथून बसनं डोंगरावर. शेवटच्या वळणावर तळं दिसलं आणि बसमध्ये एकच गलका झाला. पांढरं, गोल, वर लाल-निळे तंबू विखुरलेले. जपानी प्रवासी वळून वळून आमच्याकडे बघत होते. उतरल्या उतरल्या सगळे बर्फावर धावले. मी काठावरच थांबलो, बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून.

ती परत आली. बर्फावर पाय रोवून उभी राहिली.

"या की. घट्ट आहे. तुम्हीच तर फोन करून खात्री केलीय."

आसपास कोणी नव्हतं. "मला भीती वाटते गं पाण्याची," मी म्हणालो.

"ते मला लग्नाच्या वर्षापासून माहितीये. तसं सांगितलं असतंत, तर बसले असते मी बोटीत." तिनं हात पुढं केला. "आता मात्र नाही. या."

मी पाय टाकला. बर्फ कुठंतरी खोल गुरगुरला आणि मी तिचा हात असा आवळला की ती ओरडलीच. पण आम्ही चालत गेलो, थेट तंबूपर्यंत. भोकातून तिनं गळ सोडला. थोड्या वेळानं काठीचं टोक थरथरलं, तिचं मनगट हललं, आणि चांदीसारखा मासा तडफडत वर आला. "गावलो रे, गावलो!" ती खाडीवरच्या भाषेत किंचाळली. शेजारच्या तंबूतलं जपानी कुटुंब टाळ्या वाजवत बाहेर आलं.

नागपूरकर घसरत घसरत आला. "पहिला मासा सरांच्या तंबूत! निवड कोणाची?" मी बोलायला तोंड उघडलं, तर बायकोनं तो गारठलेला, वळवळणारा मासा माझ्या तळहातावर ठेवला आणि मी पोरासारखा हसत सुटलो. बोलायचं राहिलं ते आजवर.

यंदा जेवणं झाली की नागपूरकराच्या आधी मी बोलणार आहे. तसं बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "सांगा. पण भीतीचंही सांगा. नाहीतर परत अर्धंच होईल."

ते आधी इथं लिहून ठेवलं.