साताऱ्यात मागे घेतलेला निकाल

डॉ. सुमती मगदूम यांची माझी पहिली भेट त्यांच्या सांगलीतल्या प्रयोगशाळेत झाली. मी कोरेगावहून मुलाखतीला आलो होतो. त्यांनी मला पाण्याचे दहा थेंब एकेक करून तोलायला लावले. एक वजन विचित्र आले, ते मी गाळले. "नऊच? दहावा थेंब प्यायलात काय?" एवढेच म्हणून त्यांनी मला घेतले.

मॅडम संधिवातावरचे औषध शोधतात. पेशींच्या पृष्ठभागावर बाहेरचे निरोप घेणारे रिसेप्टर असतात. सांधे सुजवणारा निरोप घेणारा रिसेप्टर अडवायचा, हे त्यांचे काम.

तिसऱ्या वर्षी माझ्या प्रयोगात एक संयुग तो निरोप अडवताना दिसले. साताऱ्याच्या परिषदेत मॅडम ते मांडणार होत्या. आदल्या दिवशी वही चाळताना लक्षात आले, की औषध दिलेल्या पेशी जुन्या होत्या, न दिलेल्या ताज्या. ताज्या पुरल्या नाहीत म्हणून मीच तसे केले होते. पेशी पुन्हा पुन्हा वाढवत गेले की त्यांच्यावरचे रिसेप्टर विरळ होतात. म्हणजे परिणाम औषधाचा की जुन्या पेशींचा, हे सांगता येत नव्हते. मी मॅडमना सांगितले. त्याआधी तासभर गप्प बसलो, हेही नोंदवतो.

त्या रागावल्या. तरी साताऱ्याला गेल्या आणि व्यासपीठावरून निकाल मागे घेतला.

"मग आलात कशाला, मॅडम?" मागून कोणीतरी म्हणाले.

"चूक सांगायला. पोस्टानं पाठवली की ती गहाळ होते बघा."

सभागृह हसले. "पण चूक कुणाची?"

"आमच्या प्रयोगशाळेची."

मी तिसऱ्या रांगेत होतो. उठायला हवे होते, उठलो नाही. परतीच्या एसटीत त्या एवढेच म्हणाल्या, "सोमवारी नव्या पेशी लावा."

ते संयुग निरुपयोगी ठरले. पुढची दोनही. चौथे मात्र ताज्या पेशींवर, दुसऱ्यांनी केलेल्या प्रयोगातही टिकले. रुग्णांपर्यंत पोचायला अजून बराच काळ जाईल. मॅडमच्या कवठे महांकाळच्या आत्या फोनवर विचारतात, "सुमे, औषद कवा येनार गं?" मॅडम म्हणतात, "लय दिस लागतील, आत्या. पण खोटं येनार न्हाई."

साताऱ्यात मॅडमनी जे नाव घेतले नाही, ते माझे. अनेकजण ती चूक त्यांचीच समजतात. मॅडमना न विचारता ते इथे दुरुस्त करतो.

साठी ओलांडताना मॅडमना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. संधिवात त्यांच्या वाटेला न येवो. आलाच, तर तोवर आमचे औषध तयार असो. सोमवारी आम्ही पुन्हा नव्या पेशी लावत आहोत.