रफूवाल्याच्या बायकोची जाळीदार शाल

आमच्या मावशीच्या हातात टकळी आली त्याच्या कितीतरी आधीपासून तिच्या तोंडाची टकळी चालू होती. पोस्टातली नोकरी संपल्यावर तिने एका मेंढपाळाकडून कच्ची लोकर आणली, मोरीत धुतली, स्वयंपाकघरात पिंजली आणि कातायला बसली. मग दोन्ही टकळ्या एकदमच फिरू लागल्या. अख्ख्या घराला मेंढीचा वास, आणि भाजीत लोकर.

काका पेशाने रफूवाले. कोटाचं भोक ते असं बुजवत, की गिऱ्हाईक भोक होतं कुठे ते शोधत बसे. बायकोच्या बोलण्यात योग्य जागी 'हं' म्हणायचं, ही त्यांची दुसरी कला. त्यामुळे मावशी रोज संध्याकाळी शाल विणता विणता जाळीची वीण समजावून सांगे, कुठे धागा सुईवरून घ्यायचा नि कुठे दोन टाके एकत्र विणायचे, आणि काका हं हं करत. त्यातलं एक अक्षरही कानाच्या आत गेलं नाही.

शाल झाली. कोळिष्टकासारखी तलम, पानापानांची नक्षी. नक्षी उघडावी म्हणून मावशीने ती ओली करून पलंगावर टाचण्यांनी ताणून बसवली. काका सवयीने आडवे झाले आणि कधी नव्हे इतक्या चपळाईने उठले. पण शालीकडे निरखून पाहिल्यावर त्यांना मावशीचीच कीव आली. बिचारीचे किती टाके निसटलेत. तोंडावर सांगायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं.

मावशी बहिणीकडे, म्हणजे आमच्याकडे, राहायला आली तेव्हा काकांनी दुकान बंद ठेवलं. उरलेली लोकर घेतली, चष्मा चढवला आणि एकेक भोक बुजवून टाकलं.

मावशी परतली. तिने शाल उलटी केली, सुलटी केली, खिडकीशी धरली.

"अहो, यातली भोकं कुठे गेली?"

"एकही ठेवलं नाही," काका लाजत म्हणाले. "तुला कळू द्यायचं नव्हतं, पण ओळखलंस."

"ती नक्षी होती."

"हं," काका म्हणाले, आणि मग ती काय म्हणाली ते त्यांना ऐकू आलं.

मावशी गप्प झाली. सुरुवातीला काकांना सुटी लागल्यासारखं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी रिकाम्या खोलीत ते दोनदा 'हं' म्हणून बसले. शेवटी शाल मांडीवर घेऊन उसवायला बसले, तर स्वतःचंच रफू इतकं बेमालूम, की कुठला धागा तिचा नि कुठला आपला ते त्यांना उमगेना.

"अगं, पहिलं पान कुठे होतं, तेवढं सांग."

मावशी शेजारी बसली आणि नुसतं बोट ठेवलं. काकांनी भलताच धागा ओढला.

"तो नव्हे. तो देठ आहे. देठ सोडा. अहो, देठ म्हणतेय मी," करत ती जी सुरू झाली, ती जेवायची वेळ टळली तरी थांबेना. काका ऐकत होते. न ऐकून सांगतात कोणाला, भलता धागा ओढल्याने एक पान आधीच फाटलं होतं.

निम्मी शाल उसवेपर्यंत दोघांचे डोळे चुरचुरायला लागले, म्हणून उरलेली निम्मी तशीच राहिली. थंडीत मावशी बुजवलेली बाजू गळ्याशी घेते, चारचौघांत जाळीची बाजू पुढे. समोरची शेजारीण त्या शालीवर भाळली. म्हणाली, "मलाही अस्सं शिकवा."

"अर्धं शिकवीन," मावशी म्हणाली. "उरलेल्यासाठी तसा नवरा लागतो."

शेजारणीचा नवरा प्लंबर. तिने साधा स्वेटर शिकायला घेतला.