ज्ञानदेवचा पाच व्हॉल्व्हचा सेट

या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो… करमणूक म्हणून. पिंपळावरची बाई, पाठीमागून येणारी पावलं, आणि शेवटी दर वेळी 'विश्वास ठेवा अथवा ठेवू नका'. मी ठेवत नाही. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमावाला आहे मी. जे मीटरवर दिसत नाही ते माझ्या लेखी नसतंच. तरी एक गोष्ट पन्नास वर्षं घशात अडकली आहे, ती लिहून टाकतो. हसा खुशाल. मीही तुम्हाला हसतच आलोय.

साल एकाहत्तर-बहात्तर. कोपरगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी इलेक्ट्रिक सुपरवायझर होतो. जवळच्या गावच्या शाळेत मुलांना रेडिओवरचे शालेय कार्यक्रम ऐकवायचे म्हणून हेडमास्तरांनी ज्ञानदेव नावाच्या माणसाकडून सेट बनवून घेतला होता. हा ज्ञानदेव सातवी पास. सायकलदुरुस्तीचं दुकान, आणि फावल्या वेळात पुस्तकात बघून रेडिओ जुळवायचा. पत्रा स्वतः कापलेला, काचेचे पाच व्हॉल्व्ह, सोल्डरचे डाग जिलेबीएवढे. बघूनच मला किळस आली. सेट कधी चालू व्हायचा, कधी नाही.

"एकदा तपासून लिहून द्या, साहेब," हेडमास्तर म्हणाले. "ठीक निघाला तर आणखी सहा शाळा त्याच्याकडूनच घेणार आहेत."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गेलो. बटण दाबलं. डायलचा दिवा लागला, व्हॉल्व्ह लालसर झाले, आवाज मात्र शून्य — साधी घरघरही नाही. एवढ्यात फाटकाशी ज्ञानदेवची सायकल आली आणि सेट बोलू लागला. स्वच्छ, खणखणीत.

"मी हाय तवर वाजतो," तो ओशाळून म्हणाला. "लांब गेलो का गप व्हतो. का, त्ये मला बी उमगंना."

मी त्याला बाहेर पाठवला. सेट गप. आत बोलावला. सुरू. तीनदा तेच झालं. मग मी चार मास्तरांदेखत त्याचे खिसे तपासले. एक पान्हा आणि तंबाखूची पुडी निघाली. "कुठंतरी तार लपवलीय याने," मी म्हणालो. "लबाड आहे." त्याने मान खाली घातली.

सेट मी कारखान्याच्या वर्कशॉपात आणला. सहा दिवस रोज दुपारी उघडून बसलो. एकेक व्हॉल्व्ह बदलून पाहिला, ट्रान्सफॉर्मर, कॉइल, स्पीकर, सगळं मोजलं. व्होल्टेज जिथं जेवढं हवं तिथं तेवढं. तरी सेट मुका. लपवलेली तार काही सापडली नाही.

सातव्या दिवशी मी रिपोर्ट लिहिला: 'जोडणी निकृष्ट, वापरास अयोग्य.' सही केली आणि समोरचा सेट बोलू लागला. बाजारभाव… गूळ, हरभरा, तूर. मला वाटलं ज्ञानदेव आला. बाहेर डोकावलो, आवार रिकामं. फोरमनला दाखवावं म्हणून शेजारच्या शेडकडे निघालो, तर आवाज बंद. परत आलो, सुरू. दोनदा, चारदा गेलो-आलो. शर्ट घामाने चिकटला होता, तो उन्हाने नव्हे.

आता काय लिहिणार होतो? 'मी खोलीत असलो की वाजतो'? कारखानाभर हसं झालं असतं. रिपोर्ट तसाच पाठवला.

दोन दिवसांनी ज्ञानदेव सेट न्यायला आला. उचलण्याआधी त्याने सवयीने बटण लावलं. सेट वाजू लागला. तो सरळ दार ओलांडून फाटकापर्यंत गेला. सेट वाजतच राहिला, कारण मी तिथंच उभा होतो. तो परत आला. आधी सेटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कागुद धाडला का, साहेब?"

"धाडला."

"बदलून लिवता यील का?"

"उचल तो डबा," मी म्हणालो. "वाटेत येतोय."

त्याने सेट कॅरियरला बांधला आणि गेला. सहाही शाळांनी बाहेरून तयार सेट घेतले. ज्ञानदेवने पुढं एकही रेडिओ जुळवला नाही.

पुढं मी पुष्कळ विद्वानांना विचारलं. कुणी म्हणालं अर्थिंग, कुणी म्हणालं शरीराची कपॅसिटन्स, माणूस जवळ आला की सर्किटवर परिणाम होतो. भिंतीपलीकडच्या फाटकावरून, आणि तीही एकाच माणसाची? डिग्री घेतलेली माणसंसुद्धा किती बावळट बोलतात, ते तेव्हा कळलं.

आठ-दहा वर्षांनी कोपरगावच्या एसटी स्टँडवर ज्ञानदेव भेटला. केस पिकले होते. मीच विचारलं, सेट कुठाय?

"हाय घरी. फळीवर," तो म्हणाला. रागाचा मागमूस नव्हता. "तुमी आलात तर वाजंल. या की, हितंच तर हाय घर. चा घ्या."

माझ्या गाडीला अजून तासभर होता. मी म्हणालो, गाडी लागलीय, आणि समोर उभ्या असलेल्या पहिल्याच एसटीत चढलो. ती कुठं निघाली होती ते कंडक्टरने तिकीट मागितल्यावर कळलं.

तो सेट का वाजायचा, मला आजही सांगता येत नाही.