दुसरा गिअर आणि वहिनींची मान

कारखान्यात कागद फार साठले की दर काही वर्षांनी वरून परवानगी यायची आणि ते नष्ट करता यायचे. किस्से नष्ट करायची परवानगी कोणी देत नाही. त्यातून तीन रिटायर माणसं दर रविवारी एकाच जुन्या गाडीतून सेवउसळ खायला जात असतील, तर साठा वाढणारच.

गाडी शिर्क्यांची, तेरा वर्षांची. शिर्के, दिघे आणि मी बडोद्याजवळच्या वाघोडियाच्या एकाच कारखान्यातून निवृत्त झालो. शिर्के स्टोअरमध्ये, दिघे मेंटेनन्समध्ये, मी डिस्पॅचला कारकून. शिर्क्यांचे पूर्वज बडोद्याच्या फौजेत होते आणि गिअर टाकताना शिर्के अजून लढाईवर असतात. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आधी खट्ट असा आवाज, मग गाडीला हिसका, मग आम्हा दोघांच्या माना एकदम हलतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आम्ही शिर्क्यांच्या बोलण्याला होकार देतो आहोत.

आमचं चालून गेलं असतं. पण शिर्केवहिनींच्या मानेचं दुखणं जुनं. आठवड्यातून दोनदा त्यांना वाघोडिया रोडला व्यायामाला न्यावं लागतं, आणि तिथे मान जेवढी सुधारते तेवढी परतीच्या वाटेवर बिघडते. शेवटी पुण्याहून त्यांच्या मुलीचा, मीनलचा, फोन आला.

"बाबा, मी दिवाळीला येतेय. आईला शेजारी बसवून गाडी तुम्ही चालवायची. मी मागे बसणार. एक जरी हिसका बसला, तर ही गाडी विकायची आणि ऑटोमॅटिक घ्यायची."

"ऑटोमॅटिक गाडी चालवायची नसते, तिच्यात नुसतं बसायचं असतं," शिर्के म्हणाले. पण फोन तोवर बंद झाला होता.

घरात टीव्हीचा रिमोट वहिनींकडे, मोबाइलचे पासवर्ड मीनलकडे. शिर्क्यांच्या हातात म्हणून जे उरलं होतं ते हेच, गाडीच्या गिअरचा दांडा.

*

पहिल्यांदा गाडी फतेगंजच्या रमणभाई मेकॅनिककडे गेली. त्यांनी गिअरबॉक्सचं तेल बदललं, दांड्याखालचे झिजलेले बुश बदलले आणि स्वतः एक चक्कर मारून दाखवली. गिअर कधी पडला ते कळलंसुद्धा नाही.

"जोयुं, काका? माखण!" गिअर लोण्यासारखा पडतो, असं त्यांना म्हणायचं होतं.

मग शिर्के बसले. खट्ट. हिसका. शेजारी बसलेल्या रमणभाईंनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला आणि शांतपणे म्हणाले, "काका, आता गिअरबॉक्स नाही, ड्रायव्हर खोलवो पडशे."

*

दिघे मेंटेनन्सचे. कोणत्याही यंत्राकडे ते आधी खालून बघतात. क्लचकडे त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "शिर्के, तुमचा क्लच तळापर्यंत जातच नाही. अर्धवट दाबून गिअर टाकला, तर तो ओरडणारच."

कारण पायाखालच होतं. वर लहरीपुऱ्याच्या बाजारातून आणलेलं जाड मॅट. त्याखाली रबरी मॅट. त्याखाली गाडीबरोबर आलेलं मूळचं. आणि सगळ्यात खाली, मूळचं मळू नये म्हणून, वर्तमानपत्र. नवीन वस्तू जुनीवर अंथरायची, ही शिर्केवहिनींची घरभर पद्धत. "खालची अजून चांगली असते ना," त्या म्हणाल्या.

"म्हणजे दोष हिचा निघाला," शिर्के आमच्याकडे बघून म्हणाले.

"मॅटं मी घातली," वहिनी म्हणाल्या. "हिसके तुम्ही दिलेत."

तीन थर काढले. आवाज निम्मा झाला. हिसका तेवढाच राहिला.

*

मग दिघ्यांनी सिद्धांत सांगितला. गिअरबॉक्समध्ये एक पितळी कडं असतं. दोन दातेरी चाकांचा वेग वेगळा असतो, तो हे कडं जुळवतं. त्याला अर्धा सेकंद लागतो. तेवढा वेळ दांडा न्यूट्रलमध्ये धरायचा, मग अलगद पुढे न्यायचा, आणि क्लच सावकाश सोडायचा.

स्टोअरमध्ये एका नटबोल्टसाठी माणसाला तासभर उभं करणारे शिर्के त्या कड्याला अर्धा सेकंद देत नव्हते!

दिघ्यांनी उपाय काढला. न्यूट्रलला आलं की मोठ्याने 'एक' म्हणायचं, मग दुसरा टाकायचा. शिर्क्यांनी सिग्नलवरून गाडी काढली, 'एक' म्हणाले, आणि त्या म्हणण्याकडे इतकं लक्ष दिलं की दुसऱ्याऐवजी थेट चौथा टाकला. गाडी तीनदा थरथरली आणि बंद पडली. मागचा रिक्षावाला शेजारी येऊन विचारता झाला, "काका, आगळ जवुं छे के अहीं ज रहेवुं छे?" पुढे जायचंय की इथेच राहायचंय, एवढंच त्याला हवं होतं.

*

खाकऱ्याची युक्ती रमणभाईंची. शिर्के दांडा मुठीत आवळतात, जिना चढताना कठडा धरावा तसा. रमणभाईंनी दांड्याच्या मुठीवर एक पातळ, कुरकुरीत खाकरा ठेवला, त्यावर शिर्क्यांचा तळहात ठेवला आणि सांगितलं, "खाकरा न मोडता गिअर टाकायचा. जोर लागला की तुटेल, तुटला की समजायचं."

पहिल्या दिवशी एक अख्खं पाकीट संपलं. तुटलेले खाकरे दिघे आणि मी खात होतो, त्यामुळे शिकवणीला आमची हजेरी पूर्ण होती. चौथ्या दिवशी एक खाकरा दुसऱ्या गिअरपर्यंत साबूत पोचला. शिर्क्यांनी तो रुमालात बांधून घरी नेला.

वहिनींनी बघितला आणि विचारलं, "बाकीचे कुठे गेले?"

*

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात शिर्क्यांनी आम्हाला सरावाला बोलावणं बंद केलं. "सकाळी हिलाच घेऊन जातो," म्हणाले. आम्ही खाकऱ्यांना मुकलो.

मीनल आली. दुसऱ्याच दिवशी वहिनींना व्यायामाला न्यायचं होतं. "काका, तुम्हीपण चला, साक्षीला," ती मला म्हणाली. मागे ती आणि मी, पुढे शिर्के आणि वहिनी. वहिनींनी पदर मांडीवरून बाजूला पसरून घेतला होता.

गाडी निघाली. शिर्के जरासे खाकरले आणि पहिल्याचा दुसरा झाला. आवाज नाही, हिसका नाही. पुन्हा खाकरले, तिसरा. मी वहिनींच्या मानेकडे बघत होतो. मान जागची हलत नव्हती. इतकी चांगली गाडी शिर्क्यांनी तेरा वर्षांत चालवली नव्हती.

"बाबा, घसा बसलाय का?" मीनलने विचारलं.

"नाही."

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली, सुटली. शिर्के खाकरले. मीनल दोन सीटांच्या मधून पुढे वाकली आणि तशीच राहिली. मीपण वाकून बघितलं. शिर्क्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. दुसऱ्याचा तिसरा होताना पदर हलला.

"आई, गिअर तू टाकतेयस?"

"आत्ता बोलू नकोस," वहिनी समोर बघत म्हणाल्या. "माझं लक्ष जातं."

व्यायामाच्या ठिकाणी दाराशी गाडी थांबली. शिर्क्यांनी किल्ली काढली आणि ती हातात धरून बसले. मीनल आईकडे वळली.

"मान दुखतेय?"

"कुठे?" वहिनी म्हणाल्या.

"पण आई, असं कोणी चालवतं का? काही झालं म्हणजे? ते काही नाही, परत जाताना आपण ऑटोमॅटिक बघून येऊ."

शिर्के किल्लीकडे बघत राहिले. वहिनींनी पदर सारखा केला, दार उघडलं आणि उतरता उतरता म्हणाल्या,

"बघू की. पण मग त्या गाडीत मी काय करू?"