खेळाच्या पानावरचा वाघ

वकिलाचे किस्से कोर्टात साठतात, डॉक्टरचे दवाखान्यात. माझे नेमके कुठं साठले ते सांगता येत नाही. अर्धे मैदानावर घडले, अर्धे जंगलात, आणि उरलेले या दोहोंच्या मधे कुठंतरी, जिथं आपण काय करून राहिलो हे माझं मलाच कळत नव्हतं. चार मित्र बसले की कोणीतरी म्हणतं, "भाऊ, ते वाघाचं सांगा," आणि मला विचारावं लागतं, "कोणत्या वाघाचं? चार पायांच्या का दोन?"

सी. पी. अँड बेरारचे, इंग्रजी अमलाचे दिवस. अमरावतीत अंबागेटजवळ आमच्या साप्ताहिकाचं ऑफिस होतं. संपादक नानासाहेब पुण्याकडचे. छापखान्यात खिळे जुळवायला रहीमभाई. कुस्ती, हॉकी, क्रिकेट, हुतूतू, जे काही मैदानात होईल ते लिहायला मी. जंगलाशी माझा काही संबंध नव्हता. तो आला एका शब्दामुळं.

* * *

डिप्टी कमिशनरच्या कचेरीतला एक कारकून नानासाहेबांना सांगून गेला, की साहेब नाताळात 'स्पोर्ट'साठी मेळघाटात सेमाडोहला जाणार आहेत.

नानासाहेब मला म्हणाले, "साहेब स्वतः खेळणार म्हणजे मोठी बातमी. तू तिथं पाहिजेस."

मी पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले. ड्रिल मास्तरांकडून स्टॉपवॉच मागून आणलं. परतवाड्याहून लाकडाच्या ठेकेदाराची लॉरी वर जात होती, तिच्यात बसून सेमाडोहला पोचलो. साहेबाचे तंबू लागले होते. एक म्हातारे रेंजर बाहेर उभे होते. मी विचारलं, "मैदान कुठं हाय?"

त्यांनी माझ्या बुटांकडं पाहिलं. "कायचं मैदान?"

"स्पोर्टचं."

"मैदान नाई, मचाण हाय."

मला वाटलं, पाहणाऱ्यांसाठी बांधलं असेल. म्हटलं, "टीमा किती आल्या?"

"एक साहेब हायेत. बाकी गावचे हाकारे."

"अन् समोरची टीम?"

"ते आली तं साहेबाले दिसन," रेंजर म्हणाले. "नाई आली तं कोनालेच नाई."

मचाणावर चढून साहेबाच्या हातातली बंदूक पाहिली तेव्हा मला उलगडा झाला, की साहेबाच्या भाषेत 'स्पोर्ट' म्हणजे शिकार. दिवसभर हाकारे डबे वाजवत होते. एक मोर उडाला, एक ससा पळाला, वाघ आला नाही. परत येऊन मी लिहायला बसलो. पण मला एकाच तऱ्हेनं लिहिता येत होतं. मी लिहिलं, "विरुद्ध पक्ष मैदानात उतरलाच नाही, त्यामुळे सामना एकतर्फी झाला."

अंक निघाला आणि दोन दिवसांनी तोच कारकून घाम पुसत ऑफिसात आला. साहेबांनी मजकूर इंग्रजीत वाचून घेतला होता. "साहेब विचारतात, सामना कोण जिंकलं असं तुमचं म्हणणं आहे?"

नानासाहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्या काळी साहेबाच्या मनात आलं तर छापखान्याला कुलूप लागत असे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी जे खरं होतं ते सांगितलं, "नियम असा आहे, की जो पक्ष हजर असतो तो जिंकतो."

कारकून गेला. आम्ही संध्याकाळपर्यंत कुलपाची वाट पाहिली. कुलूप आलं नाही, पण पुढच्या कॅम्पचं बोलावणं आलं. वाघ न मारता त्या साहेबाला कोणी पहिल्यांदाच विजयी ठरवलं होतं.

* * *

त्यानंतर आमच्या एकाच पानावर वरती खेळ आणि खाली जंगल असं चालू झालं. यातून काय होणार हे खरं तर तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

अकोल्याला मोर्णा नदीच्या काठी कुस्त्यांची मोठी दंगल होती. अंजनगाव सुर्जीचा वाघ पहिलवान तीत उतरणार होता. वाघ हे त्याचं आडनाव. अंगानंही तसाच, पण स्वभावानं गाईसारखा. त्याला अकोल्याच्या पोरानं घिस्सा डाव मारून चीत केला. अंक छापायला चालला होता म्हणून मी अकोल्याहून तार ठोकली, "अंजनगावचा वाघ अकोल्यात मोर्णेकाठी पडला."

तार घ्यायला ऑफिसात एकटे नानासाहेब होते. त्यांनी ती खालच्या भागात, जंगलात लावली. त्यावर स्वतःच्या पदरचं मथळ्यात घातलं, "अकोल्याच्या नदीकाठी भरदिवसा वाघ मारला!"

अकोल्याची माणसं मेलेला वाघ पाहायला मोर्णेवर गेली. तिथं आखाड्याची उकरलेली माती होती. ती पाहून लोक एकमेकांना सांगू लागले, "पहा, किती झटापट झाली अशीन."

जंगल खात्याचा एक कारकून मात्र चौकशी करत करत अंजनगावला पोचला, कारण बातमीत अंजनगावचं नाव होतं. विनापरवाना शिकार झाली असेल तर कातडं जप्त करायचं होतं. त्याला कोणीतरी तालमीत पाठवलं. पहिलवान जोर काढत होता.

कारकुनानं विचारलं, "वाघाचं कातडं कुठाय?"

पहिलवान उठून उभा राहिला. हरल्याचं दुःख त्याला होतंच. त्यानं दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "हे काय, अंगावरच हाय. हारलो म्हून ते बी काढून नेता का?"

* * *

रहीमभाईंचा हात फार चलाख होता, पण चष्मा फुटला होता आणि नवीन नागपूरहून यायचा होता. त्या आठवड्यात माझे दोन मजकूर होते. एक अमरावतीच्या हॉकी टीमच्या कॅप्टनवर, एक मेळघाटातल्या अस्वलावर. पान बांधताना दोन्हींच्या मधल्या ओळी एकमेकांत गेल्या.

छापून आलं ते असं: "कॅप्टनसाहेब पहिल्या हाफमध्ये सुस्त दिसले. याचे कारण पहाटेपासून ते मोहाच्या झाडाखाली होते." आणि खाली, "अस्वलाने मात्र उजव्या बाजूने सुरेख पास दिले व प्रेक्षकांची मने जिंकली."

कॅप्टन शहरातल्या मोठ्या घरचे. ते ऑफिसच्या पायऱ्या चढताना दिसले तेव्हा रहीमभाई मला म्हणाले, "भाऊ, मैं अंदर जाता हूं. तुमी सांभाळा."

कॅप्टन आत आले. त्यांनी दार लोटून घेतलं. मी माफीची वाक्यं जुळवत होतो. ते माझ्या अगदी जवळ येऊन हळूच म्हणाले, "मोहाच्या दारूचं तुमाले कोनं सांगतलं?"

मी दाराकडं पाहिलं.

"नाव नका सांगू," ते म्हणाले. "पन आमच्या बाबांनी इचारलं तं म्हना, ते अस्वलाचं होतं."

* * *

रिद्धपूरचे महानुभाव पंथाचे एक गृहस्थ आमचे वर्गणीदार होते. संत्र्याची बाग होती त्यांची. अमरावतीच्या बाजारात आले की ऑफिसात येऊन पाणी पिऊन जायचे. एकदा ते मला म्हणाले, "तुमच्या मजकुरात जनावर पहिल्या ओळीत येते अन् शेवटच्या ओळीत मरते."

म्हटलं, "हो, शिकारच असते ती."

"मंग मधात ते काय करत होतं?"

"कधी?"

"मराच्या आधी. घरदार अशीन त्याले. खात अशीन, पीत अशीन. ते लिहा ना एखाद्या खेपी. आमच्या पंथात मारल्याचं वाचवत नाई. ते पान मी घडी घालून ठेवतो."

ते पाणी पिऊन गेले. मला त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही. बरीच वर्षं जंगलाचं लिहीत होतो, पण जिवंत जनावर मी बंदुकीच्या नळीमागूनच पाहिलं होतं, तेही पळताना. मी रजा काढली आणि मेळघाटात एका पाणवठ्याजवळ झाडावर जाऊन बसलो. मुंग्या चावल्या, पाय आखडले. आणि मग एक सांबर आलं. त्यानं कान हलवले, पुढचा एक पाय पाण्यात ठेवला, बराच वेळ तसंच उभं राहिलं. माझ्या छातीत असं धडधडत होतं, की फायनलच्या शेवटच्या मिनिटाला कधी धडधडलं नव्हतं.

मजकूर नानासाहेबांपुढं ठेवला. ते वाचून त्यांनी पान उलटून पाहिलं. मागं काही नव्हतं.

"मग?" ते म्हणाले.

"मग काय?"

"सांबर पाणी पिऊन गेलं. मग?"

"मग काही नाही. गेलं."

"अरे, मेलं कोण?"

"कोणी नाही."

नानासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग ही बातमी कशी?"

जागा रिकामी होती म्हणून त्यांनी ती छापली. पुढच्या आठवड्यात अकोला स्टेशनवर एक अनोळखी माणूस माझ्यापाशी आला, नाव विचारलं आणि म्हणाला, "त्या सांबराचं वाचलं. मंग कोन जितलं म्हनाचं?" मी विचार करून म्हटलं, "सांबरच." त्याचं समाधान झालं असावं. त्यानं चहा पाजला.

* * *

असं व्हायला लागल्यावर लोकांनी मला काय समजावं याला धरबंद राहिला नाही. अकोल्याच्या एका शाळेनं व्याख्यानाला बोलावलं. हेडमास्तरांनी ओळख करून देताना कुस्ती आणि वाघ ही दोन्ही नावं एकाच दमात घेतली. सभागृहात पसरलं, की पाहुण्यांनी वाघाशी कुस्ती केली आहे.

मी खुलासा करायला उभा राहिलो तर टाळ्या थांबेनात. समोर शहरातल्या तालमींचे वस्ताद बसले होते. एकानं विचारलं, "वाघाले कोनता डाव लागू पडते?"

"अहो, मी कुस्ती केलेली नाही."

"नम्रता हाय," हेडमास्तर म्हणाले.

दुसरा म्हणाला, "त्याले मान धरू देते का?"

मी हेडमास्तरांकडं पाहिलं, ते माझ्याकडं कौतुकानं पाहत होते. तेवढ्यात मागून एक पांढऱ्या दाढीचे मुसलमान वस्ताद उठले. मला वाटलं, हे सुटका करतील. ते गंभीरपणे म्हणाले, "हे कुस्ती मी मानत नाई. वाघानं लंगोट कसला होता का? बिगर लंगोटाच्या गड्याशी आपल्यात जोड लावत नाईत."

सगळी सभा माझ्याकडं पाहू लागली. मी म्हटलं, "नव्हता कसला."

"मंग रद्द," वस्ताद म्हणाले आणि खाली बसले.

* * *

आता परतवाड्याची मॅच सांगतो. अकोल्याची हॉकी टीम तिथं खेळायला आली होती. मैदान गावाच्या कडेला, एका गोलच्या मागं घाणेरीची दाट झुडपं आणि त्यामागं डोंगराची चढण. परतवाड्याचा गोलकीपर युसूफ. धंद्यानं शिंपी, अंगानं काडी. मागच्या कित्येक मॅचमध्ये त्याच्या पायातून गोल गेले होते. समोरचे अंगावर चालून आले की तो डोळे मिटून घ्यायचा. ही मॅच झाली की त्याला काढायचं ठरलं होतं, आणि ते त्यालाही माहीत होतं. सकाळीच तो मला म्हणाला होता, "भाऊ, आज माह्यं नाव नका लिहू. अब्बा वाचून घेतात कोनाकडून."

दुसरा हाफ. ऊन उतरत आलं होतं. अकोल्याचे तिघं फॉरवर्ड बॉल घेऊन सुटले. परतवाड्याचे बॅक मागं पडले. समोर एकटा युसूफ. या वेळी मात्र त्यानं डोळे मिटले नाहीत. पाय रोवले आणि स्टिक धरून उभा राहिला.

त्याच वेळी त्याच्या मागची झुडपं हलली आणि बिबट्या बाहेर आला.

अकोल्याचे तिघंही जागच्या जागी थांबले. एकाच्या हातून स्टिक पडली. मग ते वळले आणि जीव घेऊन पळाले. त्यांच्यामागं बाकीची टीम, मग परतवाड्याची टीम, मग शिट्टी तोंडातच धरून अंपायर, मग सगळे पाहणारे. मी कडेला उभ्या असलेल्या लॉरीच्या टपावर कसा चढलो ते मला आजही आठवत नाही.

मैदानावर उरला युसूफ. आणि त्याच्या पाठीमागं, गोलच्या खांबापाशी, बिबट्या. त्यानं युसूफच्या पाठीकडं पाहिलं. मला ओरडायचं होतं, पण ओरडलो तर युसूफ वळेल आणि पळेल आणि मग काय होईल हे कळेना. युसूफ पुढं पाहत होता. बिबट्यानं खांबाचा वास घेतला. मग जसा आला तसा झुडपात निघून गेला.

मी खाली उतरलो. पोचलो तेव्हा युसूफ अजून तसाच उभा होता, स्टिक रोवून. बॉल पुढ्यात पडला होता. त्याच्या तोंडावर असं काही होतं, की मी जे सांगायला गेलो होतो ते ओठांवरच राहिलं.

"भाऊ," तो म्हणाला, "पायलं ना तुमी? तिघं होते. मी नुसतं नजर लावून पायलं त्यांच्याकडं. कसे पळाले."

"पायलं," मी म्हटलं.

"आता लिहा माह्यं नाव."

मी झुडपांकडं पाहिलं. त्याच्याकडं पाहिलं. मग विचारलं, "युसूफ, तू एकदा तरी मागं वळून पायलं का?"

तो हसला. खेळाचं लिहिणाऱ्याला एवढंही कळू नये याचं त्याला नवल वाटलं असावं.

"काहून?" तो म्हणाला. "गोलकीपरनं मागं पायलं म्हंजे गोल झाला समजा."