दारात पिळलेलं दूध

ठाण्यात आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं इतकी थोडी होती, की आमच्यातला एक शिंकला तरी गावाला कळायचं. हे उपदेशक होते आणि मी आमच्या ओटीवर मुलींची शाळा चालवायची. शाळा म्हणजे काय, खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या पाच-सहा पोरी. पहिली आली ती एका कोळणीची लेक. तिची आई बोलायला फटकळ, पण कोळीवाड्यात तिच्या शब्दाला वजन. तिनं लेक धाडली म्हणून बाकीच्या आयांनीही धाडल्या.

आणि त्याच बाईनं आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या गवळ्याला मासुंदा तळ्याच्या पायरीवर पकडलं. दुधाच्या घागरीत तळ्याचं पाणी ओतत होता मेला! तिच्या तान्ह्याला त्याचंच दूध जायचं आणि पोर काही केल्या अंग धरत नव्हतं. ते का, हे तिला त्या पायरीवर समजलं.

दुसऱ्या दिवशी तिची लेक शाळेत आली नाही. आठवड्याभरात ओटी रिकामी झाली. बाजारात लोक म्हणू लागले, "माणसं पुरली नाहीत, आता दुधालाही बाप्तिस्मा देतात!" हे कल्याणच्या बाजारात उपदेशाला गेले, तर ही थट्टा आगगाडीनं यांच्या आधीच तिथं पोचलेली. यांनी तोंड उघडलं रे उघडलं, की कोणीतरी विचारायचं, "उपदेशक, दूध आणलंत का?" पोरी परत आल्या नाहीत तर शाळा बंद करावी लागेल, असं मिशनच्या साहेबांनीही सांगितलं.

रविवारी गवळी मंडळीपुढं गुडघे टेकून रडला. सगळ्यांचे डोळे पाणावले. क्षमा झाली, गीत झालं, मंडळी हसतमुखानं घरी गेली. मी मात्र घरी येईपर्यंत धुमसत होते.

"आता कशाला डोकं तापवतेस? झालं गेलं गंगेला मिळालं," हे म्हणाले.

"गंगेला कसं मिळेल? ते मासुंद्याचं होतं," मी म्हटलं. "पाणी घातलं गावाच्या दुधात, आणि माफी मागितली आपल्या चार भिंतींत! जे ते दूध प्यायले, त्यांना कोणी विचारलं का?"

हे चपला घालून म्हणाले, "चल, त्याच्याकडेच जाऊ."

गवळी गोठ्यात म्हशीच्या पाठीवर हात फिरवत उभा होता. मी म्हटलं, "दादा, देवानं तुम्हाला क्षमा केली असेल. कोळणीनं केलेली नाही."

"तिथं गेलो तर मारतील, बाई."

"मारलं तर मी हळद लावायला येईन. पण जा."

त्या काळी ज्या गवळ्याचा भरवसा नसे, त्याला गिऱ्हाईक म्हैस दारात आणायला लावी. आधी दुधाची चरवी उलटी करून आत पाणी नाही हे दाखवायचं, मग डोळ्यांदेखत धार काढायची. गवळ्याला यासारखा अपमान नाही. आमचा गवळी दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता म्हैस घेऊन कोळीवाड्यात गेला. कोळणीच्या दारात मोठ्यानं म्हणाला, "मी पाणी घालत होतो. तुमच्या लेकराच्या तोंडचं काढलं." आणि चरवी उलटी धरली. कोणी मारलं नाही. कोळणीनं दार तेवढं लावून घेतलं.

तरी तो रोज जात राहिला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. लोकांचं काही चुकत नव्हतं. पुढं एका म्हातारीनं भांडं पुढं केलं, मग दुसरीनं. एके सकाळी गवळी धावतच आमच्याकडे आला. कोळणीनं तान्ह्यासाठी दूध घेतलं होतं. हे सांगताना त्याला हसावं की रडावं कळेना. मला मात्र रडू आलं.

मग एक दिवस ती बाई स्वतःच माझ्या ओटीशी उभी. एका हातात लेकीचा हात, डोक्यावर मासळीची पाटी.

"बाय, तुमचा देव मना ठाव नाय," ती म्हणाली. "पन त्या गवल्यानं चरवी उलटी करून दाखवली. आता तुमी दाखवा. माज्या पोरीच्या शिकण्यात काय मिसळता?"

रागानं माझे कान तापले. माझ्याच ओटीवर मला विचारते! पण तिचं विचारणं रास्त होतं. मी म्हटलं, "अक्षरं शिकवते, शिवण शिकवते. शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणते, ती लपवणार नाही. तुम्हाला नको असेल तर पोरीनं त्याआधी घरी जावं."

तिनं पाटी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. मी शिकवत होते तोवर तिनं माझ्यावरची नजर काढली नाही. प्रार्थनेची वेळ झाली तशी मी थांबून तिच्याकडे पाहिलं. तिनं लेकीला उठवलं नाही. स्वतः मात्र उठली, पाटी डोक्यावर घेतली.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"मासली इकायची हाय," ती म्हणाली. "उद्यापासनं पोरगी एकलीच येल."