लाल चिंधीची काकडी

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींना नाही. देवासमोर हात जोडले तेव्हाही नाही — तिथे मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागून आले. आता तुम्हाला सांगतेय. कसं सांगायचं ते ठरलेलं नाही. काकडीपासून सुरू करते, कारण सगळं काकडीचंच आहे.

हसू आलं ना? एका काकडीचं एवढं काय, असं मीही स्वतःला पुष्कळदा म्हणून पाहिलंय.

भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची छोटी वाडी आहे. वाडीच्या तोंडाशी बांबूचा मांडव, वर निळी ताडपत्री, खाली विटांवर ठेवलेल्या दोन फळ्या. पावसात शिराळी, पडवळ, भेंडी, अळू. थंडीत मुळा आणि वालाच्या शेंगा. उन्हाळ्यात जांभळं, ताडगोळे. बाबा रिक्षा चालवतात, आई घर बघते, आणि वाडी आणि मांडव बघते ती काकी — बाबांच्या मोठ्या भावाची बायको. काका मी लहान असतानाच गेले. तिची मुलगी लग्न होऊन विरारला गेली, आणि मग काकीने माझ्यावरच सगळा जीव लावला.

रविवारी मीरा रोडवरून, इंद्रलोकच्या सोसायट्यांमधून लोक येतात. नुसती भाजी घ्यायला नाही. मुलांना घेऊन येतात, वाडीत फिरतात, आपल्या हाताने भेंडी तोडतात. काकी कमरेवर हात ठेवून तिच्या हिंदीत ओरडते, "ए बाळा, मरोडने का नही, काटने का!" कुणी बाई मांडवात भेंडीचं टोक मोडून बघायला लागली की, "भाभी, उसका नाक घर जाके तोडो." बायका हसतात आणि तीच भेंडी घेतात. घरच्यांशी मात्र काकी गावचंच बोलते — हाय, न्हाय. मला ती बोली कॉलेजात लाजवते आणि घरी बरी वाटते. पण ती कबुली वेगळी.

काकडीचं सांगते.

काकीचं माहेर नवघरचं, आता इंद्रलोक आहे त्या बाजूचं. लग्नात तिच्या आईने पदराच्या गाठीत काकडीचं बी बांधून दिलं होतं. त्या माहेराची आता एवढीच खूण उरलीय. वाडी गेली, भाऊ पांगले, तिथे इमारती उभ्या राहिल्या. रिक्षातून इंद्रलोककडे जाताना काकी एका इमारतीच्या गेटकडे बोट दाखवते आणि म्हणते, "हितं आमची हिर होती." विहीर. मी प्रत्येक वेळी नव्याने ऐकल्यासारखं करते.

ती काकडी आखूड, फिकट, अंगावर पांढरट रेघा. आणि डेखाकडे, म्हणजे देठाच्या टोकाला, कडू. म्हणून काकी डेखाचा तुकडा कापून तोच उलटा काकडीवर गोल गोल घासायची. पांढरा फेस यायचा. तो पुसून टाकला की काकडी खायची. हे तुमच्याकडेही करत असतील.

दर पावसाळ्यात वेलीवरची एक चांगली काकडी बियाण्याला ठेवायची. जुन्या लुगड्याच्या काठाची लाल चिंधी तिच्या देठाला बांधायची, म्हणजे कुणी हात लावत नाही. लहान मुलांना काकी सांगायची, "उसको छूने का नही. वो माँ है." ती वेलीवरच पिवळी, मग तांबूस व्हायची. मग तिचं बी धुऊन, राखेत घोळून, मागच्या भिंतीला चिकटवायचं. पुढच्या पेरणीला काढायचं. पेरून उरलेलं बी घरात ठेवायचं नाही, हा काकीचा नियम. मांडवात येईल त्याला ते पुडीत बांधून द्यायचं. बी अडकवलं की रुसतं, म्हणायची.

पुड्यांवर मी लिहायचे. चौथीत असल्यापासून. 'नवघरची काकडी. काकीच्या माहेरचं बी.' काकीला वाचता येत नाही. ती पुडी डोळ्यांपाशी धरून विचारायची, "यात माहेर कुठं लिवलंस?" मी बोट ठेवून दाखवायचे. ती त्या अक्षरांवरून अंगठा फिरवायची.

बघा, मी अजून लांबच फिरतेय.

चार वर्षांपूर्वी मी अकरावीत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. पहिले तीन महिने मी वर्गात काहीच बोलले नव्हते — इंग्रजी येत नव्हतं म्हणून, आणि दुसरं बोलण्यासारखं काही माझ्याकडे आहे असं वाटत नव्हतं म्हणून. मग कॉलेजात पावसाळी भाज्यांचं प्रदर्शन लागलं. सगळ्या बाजारातून आणणार होत्या. माझ्याकडे वाडी होती. पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी होतं.

काकी तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी विरारला होती. त्या वर्षी पाऊस इतका लागून राहिला की वेली कुजल्या. बियाण्याची म्हणून एकच काकडी धरली होती. काकी रोज फोन करायची. नातवाचं सांगून झालं की विचारायची, "चिंधीवाली बरी हाय ना गो?"

बरी होती. मोठी, नुकती पिवळी पडू लागलेली. वाडीत दाखवण्यासारखी तेवढी एकच वस्तू होती.

मी चिंधी सोडली आणि ती तोडली.

परत आणीन, असं मी मनाशी म्हटलं होतं. परत आणून काय करणार होते? तोडलेली काकडी वेलीला लावता येते? मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणायला मला फार आवडलं असतं. कळत होतं. वाडीत वाढलेल्या मुलीला हे कळत नाही, असं कसं होईल?

दुपारी एका मॅडमनी बिया दाखवायला ती मधोमध चिरली. बी अजून भरलेलं नव्हतं, दुधासारखं मऊ होतं. मग मुलींनी मीठ लावून फोडी खाल्ल्या. मला पहिला नंबर मिळाला. ते प्रमाणपत्र काकीने नंतर प्लास्टिकमध्ये घालून मांडवाच्या बांबूला बांधलं. अजून तिथेच आहे.

पुढचं मी ठरवून केलं. स्टेशनजवळच्या बियाण्याच्या दुकानातून पावसाळी काकडीचं पाकीट आणलं. त्या बियांना गुलाबी औषध लावलेलं होतं. मी त्या तीन पाण्यांनी धुतल्या. मोरीतून गुलाबी पाणी वाहत जाताना मी पायाने ते ढकलत होते. मग राखेत घोळल्या. मग मागच्या भिंतीला चिकटवल्या — काकी लावते तशाच, तळहाताएवढ्या गोलात.

काकी आली आणि भिंतीसमोर उभी राहिली. मी म्हटलं, काकडी पिकून सडायला लागली होती, म्हणून मीच बी काढलं. "तू? तू लावलंस?" तिने माझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. महिनाभर मांडवात येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती — माझी पोर कॉलेजात गेली, पण बी विसरली न्हाय.

तेव्हा सांगता आलं असतं. जुनं बी तोवर कितीतरी जणांकडे गेलं होतं, दोन-चार घरी विचारून ते परत आणताही आलं असतं. पण विचारायचं म्हणजे का विचारतेय ते सांगायचं. मी विचारलं नाही.

पुढच्या पावसात काकड्या जरा लांबट धरल्या. काकी म्हणाली, "औंदा अंग लांबलं हिचं." आणि कडू नव्हत्या. अजिबात नाही. काकीने डेख घासलं, फेस आला नाही. तिने पुन्हा घासलं. मग खाऊन बघितलं आणि माझ्याकडे बघून हसली. "तुझ्या हाताला गोडी हाय गो. आयशीचा कडूपणा तू काढलास."

तीन पावसाळे असेच गेले. दर वेळी ती डेख घासायची, दर वेळी फेस यायचा नाही. आणि दर वर्षी मी पुड्यांवर लिहीत राहिले. काकीच्या माहेरचं बी.

इथवर तुम्ही कदाचित मला माफही केलं असेल. पण सांगायला बसले ते हे नाही. ते यंदाचं आहे.

गणपतीच्या आधीचा रविवार. मांडवात ऋषीपंचमीच्या भाजीचे वाटे करायला बायका जमल्या होत्या — अळू, माठ, शिराळी, भेंडी, मक्याचं कणीस, सगळं थोडं थोडं. सोसायट्यांतल्या चार-पाच जणी हौसेने येऊन बसतात. चेष्टामस्करी चालली होती. तेवढ्यात इंद्रलोकच्या हेतलबेन आल्या. आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी ओढणीतून एक काकडी काढली. आखूड. फिकट. पांढऱ्या रेघांची.

"काकी, देखो तो! तुमचाच बी. पाच साल से गॅलरीत लावते मी."

माझ्या हातातली माठाची जुडी तशीच राहिली. ते बी प्रदर्शनाच्या आधीचं होतं.

काकीने विळीवर डेख कापलं आणि सवयीने घासलं. फेस आला. पांढरा, दाट. तिचा हात थांबला. तिने एक फोड तोंडात घातली आणि चावायचंही विसरल्यासारखी बसून राहिली. मग हळू म्हणाली, "माझ्या नवघरची लागते गो ही."

काकीने माझ्याकडे पाहिलं. संशय नव्हता हो तिच्या नजरेत — तोच तर नव्हता. ती फक्त विचारत होती. "तू शिकलेली हायस. तू सांग. ही आपली हाय का?"

मी आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वनस्पतिशास्त्र.

मी सांगितलं. नीट, शांतपणे, वर्गात शिकवतात तसं. म्हटलं, गॅलरीत मधमाश्या दुसऱ्या वेलींचे परागकण आणतात, बी मिसळतं, पाच वर्षांत ते आपलं राहत नाही. म्हटलं, कडूपणा त्यामुळेच येतो. परागकण येतात, बी मिसळूही शकतं, हे खरं आहे. बाकीचं मी त्या क्षणी रचलं. म्हटलं, "नाही काकी. ही आपली नाही."

तिच्या जिभेला माहीत होतं. चाळीस वर्षांची ओळख होती तिची. आणि तिने स्वतःच्या जिभेपेक्षा माझ्या शिक्षणावर विश्वास ठेवला. "असंल," म्हणाली, आणि उरलेली फोड गिळली.

हेतलबेनचा चेहरा उतरला. "तो फिर निकाल डालूँ क्या? एक पिवळी होत आहे वेलीवर. बियांसाठीच ठेवली होती — काकीने सांगितलं होतं ना, लाल कपडा बांधून."

काकी पुन्हा माझ्याकडे बघू लागली.

एक शब्द पुरेसा होता. राहू द्या. एवढाच. कारणसुद्धा कुणी विचारलं नसतं.

मी म्हटलं, "हो, काढून टाका. काकीचं नवीन बी देते." फळीखाली डबा होता. डब्यात पुडी होती. पुडीवर माझं अक्षर होतं.

त्यांचा नंबर माझ्याकडे होता. रात्रंदिवस फोन हातातच असतो की माझ्या. 'ती पिवळी काकडी टाकू नका' असं मी दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडूनच फोटो आला. रिकामी, उकरलेली कुंडी. खाली लिहिलं होतं, काकीला दाखव.

मी दाखवला. काकीने फोन डोळ्यांपाशी नेला, त्या मातीवरून अंगठा फिरवला — पुडीवरच्या अक्षरांवरून फिरवायची तसाच. "माती बरी हाय," म्हणाली. "आमच्या तिकडची ना."

कुंडीतली माती नर्सरीतली असते. मी फोन परत घेतला.

ते बी आता कुठे असेल असं मला वाटत नाही. जुन्या पुड्या नेलेल्या बाकीच्यांना विचारावं, असं अजूनही मनात येतं. अजून विचारलेलं नाही.

आणि एक आहे. त्या रविवारपासून काकी डेख घासत नाही. कडू ती आपली नाही, असं मी सांगितलं ना. ती सरळ काकडी चिरते, आणि पहिली फोड मला देते, आधीपासून देत आलीय तशी. मी ती घेते. गोड असते.